सातव्या भागातली शेकेर

दिवे गेले की या जिन्यातली माणसं तोक्तोसून आजोबांच्या स्वयंपाकघरात येऊन बसतात. गॅसची शेगडी त्यांच्याकडे आहे आणि चहाला ते कुणाला नाही म्हणत नाहीत. त्या रात्री त्यांच्या पुतण्याचा मुलगा उलुक आला होता, आणि सव्वा महिन्यापूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको माहाबात. दोघांना वेगळं बिऱ्हाड करायचं होतं. पाचव्या मजल्यावरचं घर रिकामं आहे आणि त्याची किल्ली आजोबांकडे असते, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"किल्ली आहे," आजोबा म्हणाले. "आधी चहा घ्या. मग ऐका. मग किल्ली मागा."

"भुताबिताचं असेल तर माहाबात घाबरत नाही हं."

"मी सासूबाईंजवळ राहते," माहाबात कपात बघत म्हणाली.

आजोबा हसले. बत्तीस वर्षं ट्रॉलीबस चालवलेला माणूस. हसतानाही समोरच्या रस्त्यावर नजर असल्यासारखे बसतात. शेगडीची ज्योत त्यांनी बारीक केली आणि सांगितलं ते असं.

गेल्या वर्षीची सोळा जानेवारी, गुरुवार. पाचव्या मजल्यावरची बेगिमाय संध्याकाळी सहाच्या सुमाराला पीठ आणि तेल आणायला खाली उतरली. मूळची नारिनची. इथे बिश्केकला दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला होती. एकोणतीस वर्षांची, बारीक आवाजाची, जिन्यात कुणी भेटलं की भिंतीला चिकटून वाट देणारी. तिचं मन मोकळं व्हायचं ते पुस्तकापाशी. पुस्तक एकच, त्याचे भाग सात.

'शेवटची फेरी' असं त्या मालिकेचं नाव. लेखक मारसेल दोलोतोव, याच शहरातला. गोष्ट शेकेर नावाच्या वाहक बाईची. शेवटची ट्रॉलीबस आगारात गेली की ही पुन्हा ती बाहेर काढते, मेल्यावर घरची वाट न सापडलेल्यांना गोळा करते आणि एकेकाला त्याच्या थांब्यावर उतरवते. शहराने ट्रॉलीबसच्या विजेच्या तारा उतरवल्या, गाड्या मोडीत गेल्या, पुस्तकात शेकेर आपली फिरतच होती. आजोबांनी पहिला भाग वाचला तेव्हा बेगिमायला म्हणाले होते, "अगं, चौदा नंबर त्या पुलावरून वळतच नाही."

"जिवंतांसाठी नाही वळत, आजोबा," ती म्हणाली होती.

सातवा भाग बुधवारी दुकानात आला. बेगिमायने तो रात्रीत संपवला. शेवटच्या पानावर शेकेर मेली. कुणीतरी मागून ढकललं आणि ती मोठ्या कालव्यात पडली. पाणी थंड होतं. एवढंच. दोन ओळी. मुडदा मिळाला नाही, दफन नाही, मागे रडणारं कुणी नाही. तिच्या गाडीतली माणसं आत तशीच बसलेली, आणि पुस्तक संपलं.

बेगिमाय कामावर गेली नाही. वाचकांच्या गटात दिवसभर शिव्याशाप चालले होते. कुणी पुस्तक जाळल्याचा फोटो टाकला, कुणी नुसतंच रडलं. दुपारी दोलोतोवची मुलाखत आली. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, वाचक चिडलेत, काय सांगाल? तो हसला. म्हणाला, "कागदावरची बाई आहे हो. तुमची कुणी मावशी गेलेली नाही."

ते हसणं बेगिमायने चार वेळा पाहिलं. मग फोन पालथा ठेवला.

तिचं कुणी नाही ना, ठीक आहे. मी आहे.

म्हणून पीठ आणि तेल. आपल्यात गेलेल्यांसाठी गुरुवारी करतात तशा तिने सात रोट्या लाटल्या, तेल चांगलं धूर येईपर्यंत तापवलं आणि एकेक सोडली. तो वास मेलेल्यापर्यंत पोचतो. जिनाभर पोचला. एक रोटी स्वतःकडे ठेवून बाकीच्या सहा घेऊन ती दारोदार गेली. आजोबांचं दार दुसरं, बरोबर खालच्या मजल्यावरचं.

"कुणाच्या नावाने, बाळ?"

"शेकेरच्या."

"तुझी कोण?"

बेगिमायने रोटी पुढे केली. "माझीच," म्हणाली.

आजोबांना वाटलं, आत्याबित्या असेल. पुस्तकातलं नाव त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी तळवे वर केले, तिला चांगली जागा मिळो म्हणाले, चेहऱ्यावरून हात फिरवून 'ओमीन' म्हटलं आणि रोटी मोडली.

आजोबांची बायको, सायरागुल आजी, मात्र तुकडा हातात धरून राहिली. "कुठे पुरलीय?"

"पुरली नाही, आजी. सापडलीच नाही."

"मग तिच्या नावाने तेल कशाला तापवलंस? कबर असलेला माणूस वास घेतो, खूश होतो, मागे फिरतो. हिने कुठे फिरायचं?"

"येऊ दे की," बेगिमाय म्हणाली. "काम आहे तिच्याकडे."

आजीला तो आवाज आवडला नाही. आजोबांनी सगळी रोटी खाऊन टाकली होती.

"तुम्हाला काही झालं नाही ना?" माहाबातने मध्येच विचारलं.

"मला काय व्हायचंय. चांगली झाली होती."

वर आल्यावर बेगिमायने सातवी रोटी बशीत ठेवली, समोर बसली आणि तळवे उघडले. दुवा मागितली. दुवा संपल्यावर हात खाली घेतले नाहीत. म्हणाली, "शेकेर, ज्याने तुला बुडवलं त्याला सोडू नकोस. तुझ्यासारखंच कर त्याचं. नाकातोंडात जाऊ दे." तिला फार बरं वाटलं. लहानपणापासून तिने कुणाला एवढंही कधी म्हटलं नव्हतं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दिवे गेले.

खाली आजोबा जागे होते. जिन्यात त्यांनी पावलं ऐकली. जोडे ओले होते, पायरीपायरीला पचपच वाजत होते. चौथ्या मजल्यावर, त्यांच्या दाराशी, पावलं थांबली आणि एक बाईमाणूस, थकलेल्या पण सवयीच्या आवाजात, म्हणालं, "पुढे सरका. दारात उभं राहू नका."

जिन्यात दुसऱ्या कुणाची चाहूल नव्हती.

आजोबांनी तो स्वर बत्तीस वर्षं पाठीमागून ऐकला होता. ते उठले नाहीत. आजीचा हात धरून पडून राहिले.

पावलं वर गेली.

वर दारावर टकटक झाली. बोटातल्या अंगठीने वाहक खांबावर मारतात तशी. दोनदा.

बेगिमायने ती टकटक ओळखली. आणि, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं, तिला आधी आनंद झाला. दाराशी जाऊन तिने कान लावला.

"कुणी बोलावलं?" बाहेरून आवाज.

"मी. मी तुमचे सगळे भाग..."

"कुणी बुडवलं मला?"

"दोलोतोवने." तिने पत्ता सांगितला. बाजाराच्या मागची गल्ली, निळं फाटक, कुत्रा बांधलेला असतो. हे सगळं तिला पाठ होतं. "हसत होता तो," तिने सांगितलं. "सोडू नका त्याला."

बाहेर पाणी ठिबकलं. मग पावलं उतरत गेली.

बेगिमाय मेणबत्ती लावून बसली. त्या तासाभरात आपल्या मनात काय काय आलं ते तिने आजीलाही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, मला वाईट वाटत नव्हतं.

एकला पावलं परत आली.

टकटक.

"गेले होते."

"मग...?"

"तो म्हणाला, मी नाही."

"खोटं बोलतो तो. त्यानेच लिहिलंय."

"म्हणाला, मला सुचलंच नसतं. कागद दाखवला."

दाराच्या फटीतून एक चौकड्यांचा कागद आत सरकला. भिजलेला. दोलोतोवचा एक तोरा होता, तो फक्त हाताने लिहिलेली पत्रं वाचायचा. बेगिमायने मेणबत्ती खाली नेली.

अक्षर तिचंच होतं.

सहावा भाग आला तेव्हाचं पत्र. तो भाग तिला अजिबात आवडला नव्हता. शेकेरला त्यात एका पोलिसाच्या प्रेमात पाडलं होतं. बेगिमायने रागाच्या भरात तीन पानं लिहून टपालात टाकली होती आणि आठवड्यात विसरून गेली होती. 'तिला असं फरफटत नेऊ नका. नीट लिहिता येत नसेल तर मारून टाका एकदाची. द्या कालव्यात ढकलून, कुणाला पत्ता लागणार नाही.'

मारून टाका. चहा पिता पिता लिहिलं असेल.

"अक्षर तुझं ना?"

"मी... मी नुसती वाचक आहे. माझ्या म्हणण्याने काय होतंय?"

"झालं ना."



"लोकांना घरी सोडत होते मी," बाहेरचा आवाज म्हणाला. "गाडीत अजून अकरा जण बसलेत."

"मला माफ करा."

...

"शेकेरताई?"

...

पायाला गार लागलं.

दाराखालून पाणी येत होतं. खळखळ नाही, काही नाही. घोट्यापर्यंत. तिने मेणबत्ती उचलली. गुडघ्यापर्यंत. बशी तरंगत गेली. बेगिमाय कपाटाकडे धावली आणि पुस्तकं काढली. खालच्या फळीवरची, पहिले सहा भाग. सातवा राहू दिला. ती टेबलावर चढली. पाणी टेबलावर चढलं. कमरेपर्यंत. मेणबत्ती विझली. पुस्तकं तिने डोक्यावर धरली, दोन्ही हातांनी. छातीपर्यंत. खांद्यापर्यंत.

हनुवटीला लागलं.

तिने तोंड वर केलं.

आणि अंधारात, अगदी कानाशी, आता दाराबाहेरून नाही...

"थंड आहे ना?"

...

खाली आजोबांना त्यानंतर रात्रभर काही ऐकू आलं नाही. त्याचीच भीती जास्त. पहाटे पाचला आजी म्हणाली, मी जाऊन बघते. आजोबा मागोमाग गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

बेगिमाय टेबलावर उभी होती. हात वर, हातात सहा पुस्तकं, कोरडी ठणठणीत. जमीन कोरडी. बशीतली रोटी गेलेली. फक्त बेगिमाय हनुवटीपासून खाली ओलीचिंब, आणि ओठ जांभळे. हात खाली घ्यायला आजीला ते धरून वाकवावे लागले. आजीला तिने हे सगळं एकदा सांगितलं, त्याच दिवशी दुपारी भावाबरोबर नारिनला गेली आणि परत आली नाही. त्या गोष्टीबद्दलही नंतर कधी बोलली नाही.

आजोबा थांबले. शेगडीवर चहा आटत आला होता.

"आणि लेखकाचं?" माहाबातने विचारलं.

"त्याला काय झालंय? शरद ऋतूत आठवा भाग आला. शेकेर त्यात पुन्हा गाडीवर आहे. कालव्यातून वर कशी आली ते त्याने लिहिलेलं नाही. लोकांनी विचारलं तर म्हणतो, तडजोड करावी लागली."

"हसून म्हणतो?"

"नाही. आता हसत नाही."

"आजोबा, हे घर रिकामं राहावं म्हणून रचलंय तुम्ही," उलुक म्हणाला, पण हळू. "वर पाणी भरलं असतं तर तुमच्या छताचं काय झालं असतं?"

आजोबांनी विजेरी वर मारली. छत पांढरं, कोरडं, जुन्या रंगाचं. कुठे पोपडासुद्धा धरलेला नव्हता.

"हेच मी मालकाला म्हणालो," ते म्हणाले. "मालक म्हणाला, मग भिंतीवर ते काय आहे? वरच्या खोलीत चारी भिंतींवर पाण्याची खूण आहे, सूत धरून ओढल्यासारखी. खाली गाळ, शेवाळाचा वास. त्याने तीनदा रंग दिला, तीनदा ती पुन्हा उमटली. मग गिलावा खरवडला. आतल्या विटेवर पण तीच."

"केवढ्या उंचीवर?"

"बेगिमाय टेबलावर उभी राहिली की हनुवटीला येईल एवढ्या. गिलावा खरवडला त्या दिवशी मी पट्टी लावून विटेत खिळा ठोकून ठेवला होता, नेमका खुणेवर." त्यांनी विजेरी बंद केली. "परवा किल्ली घेऊन वर गेलो होतो. खिळा बुडालाय."



"म्हणजे वर सरकली?" माहाबातने विचारलं. "किती?"

आजोबांनी अंधारात आपलं बोट हनुवटीवर ठेवलं असावं, कारण त्यांचा आवाज जरा दबून आला.

"आता ओठांना लागते."

"बेगिमायला कळवलंत?"

"काय कळवू? नाकाला दोनच बोटं उरलीत म्हणून?" आजोबांनी शेगडी बंद केली.