जयदीपच्या दंडावरच्या पट्ट्या

"मळमळतंय," म्हणत जयदीप आरोग्य केंद्रात येऊन बसला. तिथल्या नर्स कुमुदताईंनी बाही वर करायला सांगितली, तर तो चुळबुळ करायला लागला. शेवटी त्यांनीच ती सरकवली. दंडावर एक नाही, चार रक्षापट्ट्या!

रक्षापट्टी एकच लावायची असते. ती त्वचेतून रोज थोडं औषध सोडते आणि एचआयव्हीला शरीरात पाय रोवू देत नाही. सोबत घामही तपासते. घामात नशेचा अंश सापडला की औषध थांबवते आणि नाव व्यसनमुक्ती विभागाला कळवते. 'जबाबदार वापरासाठी' म्हणे. पोराचं भान सुटलं की नेमकं तेव्हाच औषध बंद. पाऊस लागताच आपोआप मिटणारी छत्री! ही अक्कल कुणाची, ते कुमुदताईंना वर्षभरात कुणी सांगू शकलं नव्हतं.

"कुणाच्या या?"

"मित्रांच्या. पार्टीला जाताना माझ्याकडे ठेवतात. मी एमडीची नशा करत नाही ना, माझा घाम स्वच्छ."

"म्हणजे तू देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड!"

जयदीपला हसू आलं आणि पाठोपाठ उमासा. चौघांचं औषध एकट्याला झेपत नव्हतं.

"आणि ते मात्र औषधाविना उघडे."

"हो." त्याचा आवाज खाली गेला. "शार्दूलची तर शनिवारपासून माझ्याकडेच आहे. कुणाबरोबर होता, त्यालाही आठवत नाही. ताई, आम्ही दोघं... म्हणजे भांडण झालं होतं."

"भांडण राहू दे. आज सोमवार. बहात्तर तासांच्या आत तातडीच्या गोळ्या सुरू करायला हव्यात. कुठे आहे तो?"

"खाली, स्कूटरवर. लाजतोय."

"लाजायचं नंतर. आण वर."

शार्दूल हेल्मेटसकट वर आला. बोट टोचून चाचणी झाली, ती निगेटिव्ह आली. पण औषधांचं कपाट उघडेना. कपाटाच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'संरक्षण अखंड. गोळ्यांची गरज नाही.'

"अरे मेल्या, पट्टी याच्या अंगावर नव्हती!" कुमुदताई यंत्रावर खेकसल्या आणि तेच टाइप केलं.

'पट्टी काढण्याचं कारण: नशा?'

"हो म्हण ना," जयदीप म्हणाला.

"आणि नाव गेलं की घरी फोन. मी गे आहे हेच बाबांना माहीत नाही, त्यात हे!" शार्दूल हेल्मेटच्या काचेआडून बोलला. "ताई, खरं सांगितलं तर घर जातं. नाही सांगितलं तर मी जातो. काय सांगू?"

कुमुदताईंनी कात्री उचलली. जयदीपच्या दंडावरची शार्दूलची पट्टी सोलली, सरळ मधोमध कापली आणि टाइप केलं: 'पट्टी फाटली.'

कपाट खट्कन उघडलं. शार्दूलने हेल्मेटची काच वर करून पहिली गोळी गिळली. जयदीपने पाण्याचा ग्लास धरला होता, तो त्याच्या हातून घेताना शार्दूलने बोटं जरा जास्तच वेळ तिथे ठेवली.

"उरलेल्या दोघांनाही बोलाव. आत्ता," कुमुदताई म्हणाल्या.

पडद्यावर त्या दोघांच्या नावांपुढे हिरवा दिवा होता: सुरक्षित. केंद्रातल्या सगळ्याच पोरांपुढे होता. त्या हिरव्यासाठी गेल्याच महिन्यात वरून अभिनंदन आलं होतं.

कात्री अजून कुमुदताईंच्या हातात होती. एका दुपारी तीन पट्ट्या फाटल्या, हे यंत्र मानेलही. पण या हिरव्यातल्या बाकीच्या पट्ट्या आत्ता कुणाकुणाच्या दंडावर असतील?