पुसता न येणारी ओळ

पणजोबा घड्याळजी. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाला आतल्या अंगाने ते सुईच्या टोकाने एक बारीक ओळ कोरीत. आजोबा छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी. तपासायला आलेल्या मुद्रितांच्या समासात पेन्सिलीने लिहिणे हा त्यांचा शिरस्ता. वडील जमिनीचे नकाशे काढीत, आणि जे खरोखर महत्त्वाचे असेल ते नकाशाच्या पाठीवर उतरवीत. तिन्ही पिढ्यांचे हात कसबी आणि तोंडे मिटलेली. अशा घराण्यात चौथ्या पिढीला जो जन्मला तो संगणकाचा कोड लिहू लागला, आणि मनातले सांगायची वेळ आली की कोडच्या कडेला एक कमेंट, म्हणजे यंत्र वाचत नाही अशी टीप, टाकून मोकळा होऊ लागला, यात नवल ते काय?

नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याच्या शेजारच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचा खच पडलेला होता. वाऱ्याने एक चिठ्ठी उडाली; ती उचलायला तो वाकला, आणि मग त्याला राहवेना. आकाराप्रमाणे लावून, कडा जुळवून त्याने सगळ्या चिठ्ठ्यांची सुबक गड्डी केली. तेवढ्यात वाफाळती कॉफी हातात घेऊन टेबलाची मालकीण समोर उभी राहिली.

"हे कोणी केलं?"

"मी… पसारा होता, म्हणून—"

"पसारा नव्हता. क्रम होता." तिने गड्डीकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि रागवायचे ठरवूनही तिच्या ओठांच्या कोपऱ्याने दगा दिला. "आता संध्याकाळी थांबा, टापटीपराव. होता तसा लावून द्या."

ती तपासनीस. औषधाची मात्रा रुग्णालयांना काढून देणारा प्रोग्राम त्या कचेरीत तयार होई, आणि तो कुठे चुकतो का हे पाहणाऱ्या टेस्ट लिहिणे हे तिचे काम. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून चिठ्ठ्या लावल्या. हसू दाबताना तिची एकच भुवई वर जाते, हे त्याच्या ध्यानात आले आणि ध्यानातच राहिले. 'टापटीपराव' हे नाव मात्र दुसऱ्या दिवसापासून साऱ्या कचेरीचे झाले.

तिसऱ्या आठवड्यात त्याने नावाला साजेसा प्रताप केला. जुन्या कोडमधल्या निरुपयोगी कमेंट काढून टाकायच्या, असे काम त्याच्याकडे आले आणि त्याने सरसकट साऱ्याच काढल्या. त्यांतल्या काही दिसायला कमेंट होत्या, पण कामाला हुकूम होत्या. 'ही टेस्ट चालवण्याआधी रुग्णांची यादी मांडून ठेव' हे टेस्ट चालवणाऱ्या साधनाला त्यांवरूनच कळे. हुकूम पुसला गेला, यादी मांडली गेली नाही. रिकाम्या यादीवरून टेस्ट मुकाट्याने फिरून आल्या. तपासायला रुग्णच नाही, तर मात्रेच्या हिशोबात त्याच वेळी शिरलेली चूक कुठून सापडणार? पडदा हिरवागार, म्हणजे सारे ठीक. त्या हिरव्यावर विसंबून तिने बदलाला मंजुरी दिली. पंधरा दिवसांनी एका रुग्णालयात प्रोग्रामची चाचणी चालू असताना तिथल्या परिचारिकेला मात्रा दुप्पट दिसली. औषध कोणाला दिले गेले नव्हते, एवढेच नशीब.

बैठकीत साहेबांनी विचारले, जबाबदार कोण? तो अर्धवट उठला… आणि पुन्हा बसला. ती शांतपणे म्हणाली, मंजुरी माझी, तेव्हा चूक माझी. साहेबांनी पुढे चौकशी केली नाही. टेस्ट-विभागाचे प्रमुखपण तिच्याकडे चालून आले होते. ते तिथेच थांबले.

तिने त्यावरून त्याला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर तो सुटला असता. बोलता येईना म्हणून त्याने तिच्यासाठी कमेंटमध्ये लिहायला घेतले. 'या ओळीपाशी पोहोचेपर्यंत तुझी कॉफी गार झाली असेल.' दुसऱ्या दिवशी खाली तिचे उत्तर असे, 'झाली. नवी आणून द्यावी.' तो आणून देई. 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले, ते दोघांनाही सांगता आले नसते. दीड वर्ष असे कडेकडेने गेले.

मग संगणकाच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने अशा हुकमांसाठी कोडमध्येच हक्काची जागा दिली. त्याला म्हणायचे अॅट्रिब्यूट. कमेंटमधला प्रत्येक हुकूम उचलून तिथे बसवायचा, हे काम दोघांना मिळून मिळाले. शेजारी खुर्च्या, एक पडदा. तो ओळ बदली, ती टेस्ट चालवी.

"आता एखाद्या टापटीपरावाने सगळ्या कमेंट झाडून नेल्या, तरी यादी जागच्या जागी," ती म्हणाली.

"आणि… कमेंटमध्ये दुसरंही काही असेल तर?"

"कॉफीचं?"

"कॉफीच्या पलीकडचं—"

तिची भुवई वर गेली, पण हसू आले नाही. "कमेंट पुसली तरी कोणाचं काही अडत नाही. ज्यावाचून अडतं ते कोडमध्ये लिहावं. तू अजून कडेलाच लिहितोस."

त्या आठवड्यात बातमी आली की प्रमुखपणाची जागा पुन्हा भरायची आहे. साहेबांच्या मनात ती होती; पण एकदा तिच्या हातून चूक निसटली होती, म्हणून ते बाहेरून माणूस आणायच्या विचारात होते. निर्णय शुक्रवारच्या बैठकीत.

घरी त्याने आत्याला सारे सांगितले. आत्या शिवणयंत्रावर बसली होती. तिने पाय थांबवला नाही.

"तुझ्या आजोबांनी माझ्या आईला मागणी कुठे घातली होती, ठाऊक आहे? मुद्रिताच्या समासात. बांधणीवाल्याने समास कापून टाकला. आई बिचारी दोन वर्षं वाट पाहत बसली, शेवटी तिनेच विचारलं." मग तिने दोरा तोडला. "तुझी ती विचारणार नाही. विचारावं तरी का तिने? तिचं देणं आहे तुझ्याकडे."

शुक्रवारी साहेबांनी बाहेरच्या माणसाचे नाव काढले, तसा तो उठला. या वेळी पुरता उठला.

"साहेब, दीड वर्षापूर्वी त्या कमेंट मी पुसल्या. न वाचता. यादी त्यामुळे मांडली गेली नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी गप्प बसलो. तेव्हाची नोंद काढून पाहा, बदलावर माझं नाव आहे."

साहेबांनी नोंद काढली. वाचली. चष्मा काढून पुसला. त्याची बढती वर्षभर लांबेल, असे त्यांनी तिथल्या तिथे सुनावले. मग तिच्याकडे वळून विचारले की सोमवारपासून विभाग हाती घ्याल का. तिने होकार दिला.

लिफ्ट सोडून दोघे जिन्याने उतरले. मधल्या वळणावर खिडकीतून उतरते ऊन पायऱ्यांवर पडले होते. ती तिथे थांबली.

"अर्धं देणं फिटलं," ती म्हणाली.

"अर्धं?"

"गप्प तू दोन बाबतींत राहिलास, टापटीपराव."

त्याचा हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला. तिने तो मनगटाला धरून थांबवला आणि सोडला नाही. खाली कोणीतरी दार उघडले, लावले. त्याने श्वास घेतला, आणि जिना घुमेल इतक्या आवाजात, शब्द न गाळता, सांगितले की त्याचे तिच्यावर प्रेम आहे, चिठ्ठ्या लावल्या त्या संध्याकाळपासून, आणि तिच्यावाचून त्याचे अडते.

एक भुवई वर गेली. मग दुसरीही.

"माझंही," ती म्हणाली. "आता फिटलं. सगळं."