कापडाचं जंगल

तिरोड्याकडच्या गोरेगावच्या बाजारात जुन्या साड्यांच्या ढिगातून रीनानं हिरवी साडी ओढली, तर दुसरं टोक एका पोरानं धरलेलं — धनेंद्रनं.

"सोडा ना."

"तूच सोड. मले दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले जंगलाचा पडदा करायचा आहे."

"हा तर धानाच्या रोपाचा हिरवा. जंगल असं नसते."

"मंग कसं असते?"

रीनानं साडी मुठीत घट्ट धरली. तिचं गाव जंगलातच होतं... अभयारण्यासाठी उठवलं, तेव्हा ती लहान होती.

धनेंद्रनं साडी सोडून दिली. "घे. आता पडदाही तूच शिव."

तिनं शिवला. मोहाच्या खोडाला आईचं विटलेलं लुगडं, तळ्याला बाबाचा निळा सदरा. जिथं त्यांचं घर होतं, तिथं नुसतं गवत. धनेंद्र रोज मोटरसायकलवर दोरे आणून द्यायचा. आधीचे संपलेले नसायचे.

"इतके दोरे कायले?"

"दोऱ्यासाठी येऊन राहिलो का मी?"

त्यानं सुई ओवून दिली. बोटं बोटांना लागली... आणि दोघांनीही हात काढला नाही.

"मी गोंडाची पोर, धनेंद्र. तुमच्या पोवारांत —"

"मालूम आहे. मंडईच्या दिवशी सगळे सोयरे येतात ना? तेव्हाच आईले सांगतो. तुले समोर उभी करून."

मंडईत सोयरिकी जुळतात. रीना केसांत शेवंती माळून पडद्यापाशी उभी राहिली. दुपारी धनेंद्र आला — आईसोबत. मागून सोयरिकीला आलेले तिरोड्याचे पाहुणे आणि त्यांची पोर हर्षा, नजर खाली घातलेली.

"किती सुंदर व! कोणं शिवला हा पडदा?" हर्षाच्या आईनं विचारलं.

धनेंद्रनं रीनाकडे पाहिलं. ती एक पाऊल पुढे आली.

"ही... गावातली शिवणवाली आहे," तो म्हणाला.

"आमच्या पोरीच्या लग्नातही असाच एक शिवून देशीन का, बाई?"

"दिला असता, काकू," रीना हसली. "पण मी आठवणीतलंच शिवते. लग्नाची आठवण नाही ना माझ्यापाशी."

पाहुणे रहाटपाळण्याकडे निघाले. धनेंद्र मागे रेंगाळला.

"रीना... आई समोर होती ना."

"आईच होती, धनेंद्र. वाघ नव्हता."

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं. रीना थांबली — अजूनही थांबली.

"धनेंद्र, चाल बाबू, पाहुणे —"

आईची हाक पुरी व्हायच्या आतच तो वळला होता.