पाहुणीच्या नावावर

"सगळं गरम पाणी हीच संपवते. बाकीच्यांनी काय बर्फाने अंघोळ करायची?"

घरमालकीण सुनेपाशी पुटपुटली, ओट्याकडे तोंड करून, पाहुणीला काय कळतंय अशा खात्रीने. आणि मावशीला कळलं. अख्खं वाक्य, कुठेही न अडखळता. परक्या देशात अरबी शिकायला आल्यापासून तिला पकडता आलेलं हे पहिलं धावतं बोलणं. आनंद असा झाला की हाताशी असते तर तिने पेढे वाटले असते.

चहा अर्धा संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं, आज आपली अंघोळच झालेली नाही.

'मावशी' हे नाव वर्गातल्या पोरांनी ठेवलं आणि या घरातही रुळलं. पोरं विशीतली, ही पन्नाशीला टेकलेली. मायदेशी ती हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसायची. उपचारासाठी लांबून आलेली अरबी माणसं त्या खिडकीशी रडायची आणि ही नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्याचाच तिला वीट आला. "आता या वयात?" मुलाने विचारलं. "मग कोणत्या?" म्हणत तिने बॅग भरली. परीक्षा पास झाली की त्याच हॉस्पिटलात दुभाष्याची जागा तिची. अट एवढीच की शिकेपर्यंत भाषा शिकवणाऱ्या संस्थेने दिलेल्या घरी राहायचं. घराने तक्रार केली की राहणं संपलं आणि शिकणंही.

घर अरुंद आणि उंच. खाली स्वयंपाकघर आणि जेवायचं टेबल, मध्ये घरच्यांच्या खोल्या, सगळ्यात वर मावशीची. मालकिणीचा मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरचे तिघंच: मालक, मालकीण आणि सून. मालक चष्मे बनवायचा. घरी आला की स्वतःचा चष्मा खिशात टाकायचा आणि या घरातलं काही बघायलाच नको अशा थाटात जेवायला बसायचा.

कुरकुर चालूच राहिली. पावाचा मऊ भाग पोखरते आणि कडक कडा ठेवते. ओल्या पायांनी जिना चढते. सुनेची शाल घेते आणि दमट करून परत टांगते. प्रत्येक वेळी मावशीने दोष आपल्या अरबीला दिला. आपलंच ऐकणं कच्चं, दुसरं काय. बाई शेजारणीबद्दल बोलत असेल. असं म्हणून ती आणखी नेटाने अभ्यासाला बसायची. अरबी सुधारत गेली. कुरकुर बदलली नाही, ती फक्त जास्त स्वच्छ ऐकू येऊ लागली.

मग एका दुपारी ती वर्गातून परतली, तर जिन्यावर ओली पावलं. लहानशी, बोटं फाकलेली. सगळी वर जाणारी. मावशीच्या पायात अजून बूट होते.

ती सुनेला चादरींच्या घड्या घालू लागली.

"शाल मी घेतली नव्हती."

सुनेने चादरीचं टोक घट्ट धरलं. "माहीत आहे."

"मग आईंना सांगत का नाहीस?"

"तुमच्या आधी ज्या पाहुण्या राहिल्या ना, त्या सगळ्या 'चुकलं माझं' म्हणायच्या. तुम्हीही म्हणा. दोन शब्दांचं तर काम. घर शांत राहतं."

"आणि घरात पाहुणी नसते तेव्हा?"

सुनेने चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

मावशीला हसू आलं. तिच्या सासरीही दूध उतू गेलं, बरणी फुटली, कुणाला शिंक आली, की नाव हिचंच. माफी मागण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता परक्या देशात, परक्या भाषेत, परक्याच कोणाच्या पायांसाठी मागायची?

"ते दोन शब्द मला अजून शिकवले नाहीत," ती म्हणाली. "पुढच्या धड्यात असतील."

परीक्षा तोंडावर आली आणि मालकीण पहिल्यांदाच समोर येऊन बोलली. "दुपारी घसा फोडून वाचतेस. डोळ्याला डोळा लागत नाही आमच्या. चूक कबूल कर, नाहीतर उद्या संस्थेत कळवते."

"दुपारी मी वाचनालयात असते."

"कबूल कर म्हणते ना."

"न केलेली चूक कबूल करायला मला यायचं," मावशी म्हणाली. "आता विसरले."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम वाचनालयात गेली नाही. दुपारी चौघं टेबलाशी बसली. रस्सा वाफाळत होता. सून पाव कापत होती. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

वर वाचन सुरू झालं.

मावशीचाच धडा होता, आवाजही मावशीचाच. फक्त घशाच्या तळातून काढायचं ते अक्षर, ज्यावर ती रोज अडायची, वर ते अगदी सुरेख उमटत होतं.

"हळू वाच गं," मालकीण ताटातून मान वर न करता म्हणाली. "जेवताना तरी."

मावशीने घास गिळला. तिने चमचा खाली ठेवला.

"मी इथे आहे."

मालकिणीने मान वर केली.

वाचन थांबलं.

वर खुर्ची मागे सरकली. पावलं जिन्याच्या तोंडाशी आली आणि उभी राहिली.

मालकाने खिशातून चष्मा काढून पुसला, पण डोळ्यांना लावला नाही.

"म्हणून टाक, पाहुणीबाई," मालकीण कुजबुजली. "चुकलं म्हण. म्हटलं की परत जातं ते."

"नाही."

वरची पायरी करकरली.

"नाही म्हणणार," मावशी म्हणाली, या वेळी जिन्याकडे बघून.

दुसरी पायरी.

सुनेने सुरी खाली ठेवली. "आई, पाहुण्या ठेवायच्या आधी हे सगळं माझ्या नावावर होतं. मी घरात यायच्या आधी कोणाच्या?"

मालकिणीची पाठ जिन्याकडे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"माझ्या," ती म्हणाली. "पण ती मी नव्हते. मी कधीच नव्हते."