तीनदा ठेवलेला फोन

तोकिए आजींनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं ते पोलिसांचं प्रशस्तिपत्र होतं. फसवणुकीचा फोन ओळखून हाणून पाडल्याबद्दल, असं त्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं आणि खाली लालभडक शिक्का.

"वा आजी, अभिनंदन!" हातानो म्हणाला. हातानो म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. कुरोसे इत्सुको या गुप्तहेरबाईंची गाडी चालवणं, चहा करणं आणि नको त्या वेळी बोलणं ही त्याची कामं.

आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप किटलीकडे वळला.

"बाई, मला एवढंच शोधून द्या," आजी इत्सुकोला म्हणाल्या. "मी फोन ठेवला तो चोराचा, की माझ्या लेकीचा?"

लेक मिझुहो. बापाशी भांडून घर सोडलं, त्याला वीस वर्षं झाली. परवा फोन आला: ओसाकाच्या इस्पितळातून बोलतेय, मुलगी अत्यवस्थ आहे, तुमची आठवण काढते. आजींनी ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा कुणीतरी नुसतं 'आई' म्हणालं आणि खोकलं.

"मी म्हटलं, चोरटे, लाज नाही वाटत? आणि आदळला. पण दोन रात्री तो खोकला कानातून जात नाही."

"पैसे किती मागितले?" इत्सुकोने विचारलं.

"पैशांचं नावच नाही काढलं."

"मागणार होते हो पुढे!" हातानो म्हणाला. "आधी रडवायचं, मग लुबाडायचं."

"मग तुम्हाला संशय का आला, आजी?"

"का म्हणजे? सावध राहा अशी सूचना गावभर फिरली होती. इस्पितळातून बाई बोलेल, ओसाकाकडच्या हेलात, हळू आवाजात. अगदी तश्शीच बोलली हो!"

इत्सुको लगेच उठली. "हातानो, गाडी काढा. मुलगी जिवंत असेल तर आपल्याकडे वेळ नाही."

चौकीतले मुत्सुरा हवालदार खुशीत होते. "इतोरा बंदरातली ही पहिलीच केस, आणि आजींनी ती जागच्या जागी संपवली!"

"दुसऱ्या कुणाला आला का असा फोन?"

"एकालाही नाही. लोक सावध झाले ना!"

"ही सूचना तुमचीच?"

हवालदार घुटमळले. "गावच्या भोंग्यावरून आम्ही फसव्या फोनची सूचना दिली होती खरी. इस्पितळाचं मात्र ओगिनो वहिनींनी सांगितलं. म्हटलं, नवी युक्ती असेल."

ओगिनो वहिनी दारात स्क्विड वाळत घालत होत्या. "मला इसाओ म्हणाला, मासळीबाजारात. आजींचा मुलगा. मग मी सगळ्यांना सांगितलं. भल्यासाठीच ना?"

"भोंगा तुम्ही स्वतः ऐकला?"

"त्या दिवशी वारा केवढा! डोंगरावर आपटून एका शब्दाचे चार होतात. 'फोन' आणि 'सावधान', एवढंच कळलं."

इसाओ बोटीचं इंजिन पुसत होता. त्याने मान वर केली नाही. "भोंग्यावर ऐकलं, तेच सांगितलं. आईला जपायला नको? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो."

"बहिणीचा काही निरोप?"

"वीस वर्षांत नाही. तिने आईला केव्हाच टाकलंय."

गाडीत बसल्यावर इत्सुकोने एक नंबर फिरवला. भोंगा नीट ऐकू आला नाही, तर नगरपालिकेच्या त्या नंबरावर सूचना पुन्हा ऐकायला मिळते. हातानोनेही कान लावला. 'मुलगा बोलतोय, गाडीत बॅग हरवली, पैसे पाठव, असे फोन येत आहेत. सावधान.' बस्स.

"म्हणजे इसाओनेही चुकीचं ऐकलं," हातानो म्हणाला. "ऐकीव गोष्टीला पाय फुटतात, बाई."

"पाय फुटतात, हातानो. ओसाकाचा हेल नाही फुटत."

तासाभरात सगळे आजींच्या घरी जमले. चहाला कुणी हात लावला नाही.

"चोर फोन करतो पैशासाठी," इत्सुको म्हणाली. "भोंग्यावरच्या सूचनेत पैसे आहेत. पण गावात फिरली त्या सूचनेत पैसेच नाहीत, आणि आजींना आलेल्या फोनमध्येही नाहीत. तीनदा फोन, तरी एक येन कुणी मागितला नाही. का? तो फोन खराच होता."

आजींनी डोळे मिटले.

"आता हेल. सूचना आधी फिरली, फोन नंतर आला. गावात आणखी कुणालाही तसा फोन आला नव्हता, असं हवालदारच सांगतात. मग ती बाई कशी बोलते, हे सूचना देणाऱ्याला कळलं कसं? त्याने तिचा आवाज आधीच ऐकला होता. इस्पितळ फोन करतं नातेवाइकाला. हवालदार नातेवाईक नाहीत, ओगिनो वहिनी नाहीत. इसाओ, तुम्हाला फोन आला. तुम्ही यायला नाही म्हणालात. ती बाई म्हणाली, मग तिच्या आईला विचारते. तेव्हा तुम्ही सगळ्या गावाला तिच्यावर सोडलंत. चोर सोडून संन्याशाला सुळी!"

"पण का?" हातानोच्या तोंडून निघालं. "सख्खी बहीण!"

इसाओ खाली बघतच बोलला. "बाबा गेल्यावर ती यायचं म्हणत होती. घर, बोट, सगळं मीच ओढत होतो... मी तिला सांगितलं, आई तुझं तोंड बघणार नाही. आणि आईला सांगितलं, ती यायला नाही म्हणते. दोघी भेटल्या असत्या तर..."

"तुमची कबुली राहू द्या," इत्सुको कडाडली. "आम्हाला नंबर हवाय. मोबाइल काढा!"

त्याने काढला. नंबर फिरवून इत्सुकोने फोन आजींच्या कानाला लावला. हातानो ओसाकाची गाडी किती वाजता आहे ते शोधू लागला. तिकडून हळू, हेलातला आवाज आला. खोली इतकी शांत होती की सगळ्यांना तो ऐकू येत होता.

"मी मिझुहोची आई."

"माफ करा, फोनवर आम्ही काही सांगत नाही. कुणीही आई म्हणून बोलतं. तिची आई तर तीनदा नाही म्हणाली."

"मीच ती," आजी म्हणाल्या. "मीच तिला चोरटी म्हटलं."

 मग ती बाई अगदी मऊपणे म्हणाली, "या, आजी. पण आता घाई करू नका. सावकाश या."

हातानोला नेहमी सगळं उशिरा कळतं. हे मात्र त्याला लगेच कळलं, आणि त्याने गाडी शोधणं थांबवलं. इसाओ जमिनीवर डोकं टेकून रडू लागला.

आजींनी फोन नीट, दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"ओगिनो वहिनी," त्या म्हणाल्या, "कपाटातले माझे अंत्यविधीचे काळे कपडे काढता का? फक्त माझे. ह्याचे नकोत."