घरगाडीचा उजवा आरसा

“आरसा हाय का पाळणा? हात लावला की झोके घेतोय. अन् म्हणं गाडीत संसार हाय!”

कुरकुर अगदी कानाशी आली. पडद्याआड, गाडीतल्या शेगडीपाशी कांदा चिरणाऱ्या रत्नमालेचा हात थांबला. तीन वर्षांनी ऐकला, तरी आवाज ओळखायला चुकली नाही ती.

तिनं पडदा सारला. “संसार नाय. लोकांना वेरूळ-अजिंठा फिरवते. बोल आता.”

हनुमानच्या हातातला पाना पडला नाही, इतकंच.

सोयगावकडच्या तिच्या गावात हा चार घरं सोडून राहायचा. दुष्काळात त्याची विहीर आटली, शेत वाळलं, तो शहरात गॅरेजात लागला. जाताना “येतो लवकर...” म्हणाला होता. तिच्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं विकून ही जुनी घरगाडी घेतली. आज शहरातल्या मुकुंदवाडीत पाण्याचा टँकर आरशाला घासून गेला, आणि दिसलं त्या गॅरेजात त्यांनी गाडी घातली. आता आबा टायरवर बसून चहा पीत होते.

“चालवतं कोण?”

“मी.”

“तरीच.”

“टँकर घासला मला! मी नाय.”

“त्याचाबी तोल गेला असंल... चालवणारी बघून.”

ती हसली. हसायला नको होतं, पण हसली.

त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, आरशाच्या ढिल्या दांड्याला गुंडाळली, नट आवळला. “बस शिटावर. ज्याच्या हातात गाडी, त्याच्या नजरेनं लावाय लागतो.”

ती बसली. तो बोटभर बोटभर आरसा फिरवू लागला.

“दिसला रस्ता?”

“नाय.”

“आता?”

आता तोच दिसत होता. कपाळावर ग्रीसचा डाग, डोळे मात्र तेच...

“थोडा अजून,” ती म्हणाली. उगाचच. मग तिचं तिलाच खटकलं. “ऱ्हाऊ दे. आबांच्या नजरेनं लाव.”

“कामून?”

“रविवारी माझं लगीन हाय. मग गाडी आबाच चालवणार.”

त्याचा हात आरशावरच राहिला.

“मागणी घालाय येणार होतो मी,” तो हळूच म्हणाला. “विहिरीला पाणी लागलं की. कोरड्या विहिरीच्या घरात पोर कोण देतं, म्हणून...”

“तीन वर्सं?”

“दर साली वाटायचं, यंदा लागंल.”

तिनं आरशातून नजर काढून समोरच्या काचेवर लावली.

आबांनी कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात देत उठले, त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

“आरं हनुमान, पाण्यामागं मेंढरं हाकण्यात हयात गेली आमची. माझ्या बापाला नव्हती विहीर, मला नाय. तुझी विहीर कोण बघत होतं रं?” त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “दोन स्थळं परत धाडली म्या. तू येशील म्हणून.”