त्रेचाळिसावी सावली

श्रद्धाला घरात पसारा खपत नसे; कॉम्प्युटरमध्ये मात्र तिने उकिरडा करून ठेवला होता. डिजिटल स्क्रॅपबुकचा नाद लागला, म्हणजे फोटोंची वही कात्री-गोंदाऐवजी पडद्यावरच सजवायची, आणि बाई फुकट दिसेल ते डाउनलोड करत सुटली. चित्रातले कागद, चित्रातल्या फिती, बटणं, सुकलेली फुलं. तीन वर्षांत अकरा हजार फाइली जमल्या, आणि हवं ते बटण वेळेवर सापडेल तर शपथ. रविवारी तिच्या लेकीचा, नंदूचा, सहावा वाढदिवस होता आणि वहीचं एकही पान झालेलं नव्हतं. म्हणून मे महिन्यातल्या त्या सकाळी तिने ऑफिसला सुट्टी टाकली आणि ओढणी खोचून आवरायला बसली.

धायरीतल्या त्या फ्लॅटमध्ये दोघीच होत्या. नवरा, आनंद, कामासाठी नागपूरला गेला होता.

साडेअकरापर्यंत कागद, फिती, बटणं आपापल्या फोल्डरात जाऊन बसली. उरल्या सावल्या. पानावर नुसता फोटो ठेवला तर तो अधांतरी दिसतो; त्याच्या खाली सावलीची फाइल सरकवली की कसा पानावर टेकतो. श्रद्धाने बेचाळीस सावल्या मोजून हलवल्या. फोल्डर त्रेचाळीस दाखवत होता. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे एकाचा फरकही तिला झोंबला. त्रेचाळिसाव्या फाइलीला नाव नव्हतं. उघडली तर आत काहीच नव्हतं, आणि वजन मात्र इतरांच्या दुप्पट. तिने ती पुसली. फोल्डर पुन्हा त्रेचाळीसच दाखवू लागला.

आपलंच काहीतरी चुकतंय, असं म्हणून ती पुन्हा मोजणार, एवढ्यात नंदूने तिला गच्चीवर ओढत नेलं. शून्य सावली दिवस होता. वर्षातून दोनदा पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मिनिट-दोन मिनिटं उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली दडते. तिसऱ्या मजल्यावरचे यज्ञेश्वर सर, भूगोलाचे निवृत्त मास्तर, दरवर्षी सोसायटीची पोरं जमवून हा सोहळा करत. त्यांनी स्टीलचे पेले ओळीने उभे केले होते.

"घाबरू नका," सर म्हणाले, "सावली परत येते. पार्किंगच्या जागेसारखं नाही, एकदा गेली की गेलीच."

साडेबाराच्या सुमाराला पेल्यांच्या सावल्या खरोखरच गेल्या. पोरांनी आरोळ्या ठोकल्या. मग हळूहळू पेल्यांना नखाएवढ्या सावल्या फुटल्या, पोरांनाही फुटल्या. नंदू मात्र आपल्या पायांकडे बघत उभी होती.

श्रद्धाने तिला हात वर करायला सांगितलं, हलवलं, कडेला नेऊन उभं केलं. तापलेल्या फरशीवर काही उमटेना. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"खाली न्या हिला," ते एवढंच म्हणाले आणि पेले तिथेच टाकून जिना उतरले.

दुपारभर श्रद्धाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आनंदला फोन केला, तर त्याने जेवलीस का विचारलं. चार वाजता गॅलरीतून ऊन आत आलं आणि खुर्चीची सावली फरशीवर लांबलचक पडली. नंदू त्याच उन्हात मांडी घालून भातुकली खेळत होती, आणि ऊन तिच्या आरपार, जणू तिथे कुणी नव्हतंच. लेक समोर धडधाकट बसली होती, तरी ती हातची चाललीय असं श्रद्धाला सारखं वाटत होतं.

तिने ती बिननावाची फाइल उघडली.

आता आत सावली होती. मांडी घातलेल्या, दोन वेण्यांच्या मुलीची. एक वेणी सुटलेली. श्रद्धाने वळून पाहिलं. नंदूचीही सुटली होती.

पाच मिनिटांनी पाहिलं तेव्हा सावली लांबली होती.

काय करावं ते कळेना, तेव्हा तिला येत होतं तेच तिने केलं. मोबाइलवर नंदूचा तसाच, भातुकलीपुढे बसलेला फोटो काढला, पानावर ठेवला आणि ती सावली त्याच्या खाली सरकवली. मांडीला मांडी जुळवली.

मागे वळली, तर फरशीवर नंदूची सावली पडलेली. श्रद्धा ढसाढसा रडली.

डोळे पुसल्यावर तिच्या लक्षात आलं. खुर्चीची सावली स्वयंपाकघराकडे गेली होती. नंदूची गॅलरीकडे, सूर्याकडे.

पानावर उलटी लागली असणार. तिने माऊसने सावली धरली आणि हलकेच फिरवली.

फरशीवरची सावली फिरली. तिच्याबरोबर नंदूही फिरली, गुडघासुद्धा न उचलता.

भातुकली तिच्या पाठीमागे राहिली. समोरच्या रिकाम्या फरशीवर ती चहा ओतत होती. एक कप, मग दुसरा.

माऊस सोडायची श्रद्धाची छाती होईना. तिचा हात थरथरत होता.

फरशीवर नंदूही थरथरत होती, तेवढीच.